फेट्यावरचा जार

रविंद्ररावांना फोटोतून फक्त पाण्याचा जार काढायचा होता. पुढं त्या फोटोतून जे जे निघालं आणि जे जे उगवलं, त्यात त्यांचा हेतू स्वच्छ होता, हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवलेलं बरं. कारण त्यांच्या सासुरवाडीत, लासुर्ण्यात, ते अजून कुणी मान्य केलेलं नाही.

रविंद्रराव साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात चौतीस वर्षं काढून निवृत्त झाले आणि बारामतीत घर बांधून राहिले. टाइम ऑफिसातला कारकून म्हणजे हजेरीचा मालक. त्यांच्या मस्टरमध्ये कधी खाडाखोड सापडली नाही. चुकून कुणाची हजेरी पडलीच, तर लाल शाईनं आडवी रेघ, शेजारी सही, सहीखाली तारीख, आणि रेघेखालचं अक्षर वाचता आलं पाहिजे. पुसणं म्हणजे पाप. (त्या घरात पाप हा शब्द फक्त ह्याच बाबतीत वापरला जाई.)

अशा माणसाला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मुलीनं, म्हणजे रश्मीनं, नवा मोबाईल घेऊन दिला आणि त्यातली एक सोय दाखवली. फोटोतल्या नको असलेल्या वस्तूभोवती बोटानं गोल काढायचा. वस्तू नाहीशी होते, आणि तिच्या जागी काय असायला हवं होतं ते मोबाईल स्वतःच्या बुद्धीनं भरून काढतो. सही लागत नाही, तारीख लागत नाही. रविंद्ररावांना पहिले दोन दिवस हे पटलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी घराच्या फोटोतून शेजाऱ्यांची दोरीवरची धुणी काढली, मग विजेचा खांब काढला, मग गेटसमोर कायम उभा असणारा टेम्पो काढला. टेम्पो प्रत्यक्षात तिथंच होता, पण फोटोतून गेल्याचं समाधान काही वेगळंच होतं. चौतीस वर्षांचा उपास असा सुटला म्हटल्यावर माणूस मापात राहत नाही.

त्यातच रश्मीचा साखरपुडा ठरला. मुलगा इंदापूरचा, अद्वय. त्याचे वडील बुद्धघोष सर, निवृत्त मुख्याध्यापक. दोन्ही घरांतल्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. आजोबांनी देव सोडले, मुहूर्त सोडले, पत्रिका सोडल्या. मानपान तेवढा कुणाच्याच आजोबांना सोडता आला नव्हता. त्यामुळं हॉल रिकामा असेल तो दिवस चांगला, यावर पाच मिनिटांत एकमत झालं, आणि फेटे कुणाकुणाला बांधायचे याच्या यादीला तीन बैठका लागल्या.

यादीत पहिलं नाव अर्थातच मुलीच्या मामाचं. मामा म्हणजे रविंद्ररावांच्या बायकोचे, मेघनाबाईंचे, थोरले भाऊ: लासुर्ण्याचे बाजीराव. सात एकर ऊस, चार म्हशी, गावात शब्दाला वजन आणि घरात शब्दाला त्याहून जास्त. बाजीरावांकडं सगळं होतं. फक्त डोक्यावर केस नव्हते. ते पंचविशीतच गेले होते. उलट रविंद्ररावांकडं सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं, पण केस होते. साठीनंतरही असे दाट, की न्हावी दर खेपेला कौतुक करायचा आणि ते कौतुक ऐकायला रविंद्रराव पंधरा दिवसांनी जायचे. खिशात कंगवा कायम. लासुर्ण्यात गेल्यावर उसापासून राजकारणापर्यंत कुठल्याही विषयात मेव्हण्यापुढं माघार घ्यायची वेळ आली, की रविंद्रराव कंगवा काढून सावकाश भांग पाडत. बाजीराव गप्प बसून बघत. हे तीस वर्षं चाललं होतं, आणि ते कुणाच्या लक्षात आलेलं नाही असा रविंद्ररावांचा समज होता.

साखरपुड्याला फेटेवाला झुंबर दुसरा कार्यक्रम उरकून उशिरा आला. तोवर अंगठ्या घालून झाल्या होत्या आणि कॅमेरावाला पहिल्या पंगतीला बसला होता. झुंबरनं भराभर एकवीस गुलाबी फेटे बांधले. रविंद्ररावांनी आपला मोबाईल कार्यालयाच्या मॅनेजरच्या हातात दिला, त्यानं सगळ्यांचा मिळून एक फोटो काढला. उकाडा असा, की पाच मिनिटांत फेटे उतरले आणि झुंबर ते पिशवीत कोंबून तिसऱ्या कार्यक्रमाला गेला. म्हणजे फेटे बांधले होते याचा पुरावा जगात एकच उरला.

तो पुरावा घरी येऊन मोठा करून बघितल्यावर रविंद्ररावांना पहिला धक्का बसला. मधल्या सोफ्यावर बाजीराव, शेजारी त्यांच्या सौभाग्यवती साखरबाई. बाजीरावांच्या बरोबर मागं प्लास्टिकच्या खुर्च्यांची चवड, आणि चवडीवर कुणीतरी ठेवलेला वीस लिटरचा निळा जार. फोटोत स्पष्ट दिसत होतं, की मुलीचे मामा फेट्यावर पिण्याचं पाणी घेऊन साखरपुड्याला आलेत.

असा फोटो लासुर्ण्यात गेला असता तर बाजीरावांना गावानं जन्मभर पाणी मागितलं असतं. मेव्हण्याच्या अब्रूसाठी, आणि केवळ त्यासाठीच, रविंद्ररावांनी जारभोवती गोल काढला. गोल थोडा मोठा झाला, पण जार गेला. जिथं जार होता तिथं आता साधी भिंत होती. कारकुनाची तपासणी अशीच असते: दुरुस्त केलेली जागा बघायची, बाकीचं पान बरोबर असतंच. वेगळी प्रत ठेवायची का, असं मोबाईलनं विचारलं. चौतीस वर्षं प्रत्येक कागद तीन प्रतींत काढलेल्या माणसानं निवृत्तीच्या दिवशी मनाशी एक शपथ घेतली होती. त्यांनी नको म्हणून दाबलं. मग लग्नासाठी काढलेल्या एकशे त्रेचाळीस जणांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकला, खाली 'सर्व मानकऱ्यांचे आभार' असं लिहिलं, आणि ते जेवायला बसले.

तिसऱ्या घासाला फोन वाजला. लासुर्ण्याहून साखरबाई होत्या. त्यांचा आवाज शांत होता. ज्या बाईचा आवाज म्हशींना शिवाराच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला ऐकू जातो, तिचा आवाज शांत असला की समजावं.

"दाजी, आमचं काय चुकलं तेवढं सांगा."

काय झालं, असं रविंद्ररावांनी विचारलं.

"समद्या मानकऱ्यांच्या डोक्याला फेटा, आन् आमच्याच माणसाचं डोकं उघडं."

"अहो वहिनी, बांधला होता की. तुम्ही शेजारीच बसला होता."

"मला ठाव हाय. गावाला कोण सांगणार? आन् फेटा काढला त्यो काढला, वर केस कशापायी लावलं?"

"केस?"

"तुमी समोर बसून कंगवा फिरवत हुता, तवर आमी सोसलं, दाजी."

फोन बंद झाला. रविंद्ररावांनी हात न धुता मोबाईल उघडला. जार नव्हता. फेटाही नव्हता, मोठा झालेला गोल फेट्याला घेऊन गेला होता. आणि फेट्याच्या जागी काय असायला हवं ते मोबाईलनं स्वतःच्या बुद्धीनं भरून काढलं होतं. बाजीरावांचा इतिहास त्याला माहीत नव्हता. त्यानं काळेभोर, दाट केस बसवले होते, डावीकडं भांग पाडला होता आणि कपाळावर एक बट सोडली होती.

आपल्यापेक्षा दाट आहेत, हा रविंद्ररावांच्या मनात आलेला पहिला विचार. त्याची त्यांना लाज वाटली, पण विचार आला खरा.

मग घाईघाईनं त्यांनी तो फोटो ग्रुपवरून काढायचं ठरवलं. मोबाईलनं दोन पर्याय दिले: सगळ्यांसाठी काढू, की तुमच्यापुरता काढू? सगळ्यांच्या वतीनं निर्णय घेण्याचा अधिकार कारकुनाला नसतो. त्यांनी आपल्यापुरता दाबलं. फोटो डोळ्यांसमोरून नाहीसा झाला, त्यांनी सुस्कारा सोडला आणि मेघनाबाईंना सांगितलं, की मिटलं. वीस मिनिटांनी इंदापूरहून बुद्धघोष सरांचा निरोप ग्रुपवर आला: 'मामासाहेब फारच तरुण दिसतात. फेट्याचा मान घेतला नाही काय?' तेव्हा कुठं रविंद्ररावांच्या ध्यानात आलं, की फोटो आता जगात सगळ्यांना दिसतोय, फक्त त्यांना दिसत नाही.

लग्न अकरा दिवसांवर होतं. मुलीला हात धरून स्टेजवर आणणार मामा. हा रिवाज काही विधीच्या पुस्तकात नव्हता, पण लासुर्ण्यात, बारामतीत आणि इंदापुरात तो पुस्तकातल्या विधींपेक्षा पक्का होता. मेघनाबाईंना हा एकच भाऊ. वडील गेल्यावर त्यांना शिकवलं त्यानं, लग्न लावून दिलं त्यानं. रविंद्ररावांना पसंत केलं तेही त्यानंच, आणि ह्या गोष्टीचा त्या कधीमधी भावाला दोषही देत.

"माझा भाऊ आला न्हाय, तर मी बी स्टेजवर येणार न्हाय," त्या म्हणाल्या. "मग तुमी आन् तुमचा मोबाईल, दोघं मिळून लेक द्या."

पुण्यात नोकरीला असलेल्या रश्मीचा फोन आला. तिनं बापाला एकच विनंती केली: पप्पा, आता त्या फोटोला हात लावू नका. रविंद्ररावांनी कबूल केलं. पण रात्रभर त्यांना एक गोष्ट टोचत राहिली. कार्यालयातून चुकीचा कागद बाहेर गेला तर गप्प बसत नाहीत, शुद्धिपत्रक काढतात.

सकाळी त्यांनी मोबाईलमध्ये जपलेला तो फोटो उघडला. वस्तू काढायच्या सोयीशेजारी, काय हवं ते लिहून सांगायची सोय होती. त्यांनी लिहिलं: 'मधल्या सोफ्यावरील इसमास इतरांप्रमाणे गुलाबी फेटा बांधण्यात यावा.' मोबाईलनं अर्ज मंजूर केला आणि मधल्या सोफ्यावर जे जे होतं त्याला फेटा बांधला: साखरबाईंना, त्यांच्या मांडीवरच्या नातीला, आणि सोफ्याच्या दांड्यावर ठेवलेल्या फुलदाणीला. बाजीराव तेवढे राहिले. त्यांचे केस वाऱ्यावर थोडे जास्त उडाले होते. दुसऱ्या खेपेला फेट्याऐवजी गुलाबी गोल टोपी आली. तिसऱ्या खेपेला मात्र फेटा असा उतरला, की झुंबरनं वहीत डकवून ठेवावा. तुरा ताठ, शेमला खांद्यावर. रविंद्ररावांनी फेट्याची घडी न् घडी तपासली आणि फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: 'शुद्धिपत्रक. आधीचा फोटो रद्द समजावा.'

ह्या वेळी फोन दोन मिनिटांत आला.

"दाजी," साखरबाई म्हणाल्या, "माझ्या शेजारी ह्यो कोण बसवलाय?"

रविंद्ररावांनी फोटो पुन्हा बघितला. आता त्यांनी फेट्याच्या खाली बघितलं. एवढ्या रुबाबदार फेट्याखाली तसाच चेहरा असायला हवा, असं मोबाईलला वाटलं असावं. पस्तिशीचा, उजळ रंगाचा, भरघोस मिशांचा एक अनोळखी गृहस्थ साखरबाईंच्या खांद्याला खांदा लावून हसत होता.

त्यांनी फोटो आणखी मोठा केला.

"मी न्हाय इचारत," साखरबाई म्हणाल्या. "नवरा इचारतोय."

पूर्वी रुसलेल्या माणसाला मांडवातून उठून, चपला शोधून, लोकांच्या देखत वेशीपर्यंत चालत जावं लागे. वाटेत चारजण आडवे पडून त्याला परत आणायचे. आता तेवढी सवड राहिली नाही. 'बाजीराव यांनी ग्रुप सोडला' अशी एक ओळ आली. तिच्यामागोमाग लासुर्ण्याचे आणखी अकरा नंबर एकेक करून गेले. संपाच्या दिवशी मस्टरवर गैरहजेऱ्या पडायच्या, तशा रविंद्ररावांच्या डोळ्यांसमोर पडत गेल्या. त्यांनी बाजीरावांना सतरा फोन केले. एकही उचलला गेला नाही.

पाचव्या दिवशी ते झुंबरला घेऊन इंदापूरच्या एसटीनं लासुर्ण्याला निघाले. बेत असा, की भर चौकात मेव्हण्याला फेटा बांधायचा, माफी मागायची आणि फोटो झुंबरनं त्याच्या मोबाईलवर काढायचा. झुंबर खिडकीशी बसून फेट्याच्या कापडाची पिशवी सांभाळत होता. आपण बावीस वर्षं फेटे बांधतोय, असं त्यानं सांगितलं. सैल झाला म्हणून लोकांनी परत बोलावलंय, आवळला म्हणून बोलावलंय, पण पुसला गेला म्हणून आजच पहिल्यांदा निघालोय.

साखरबाईंनी पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही. लासुर्ण्यात जावयाला चहा न विचारणं म्हणजे काय, हे झुंबरलाही कळलं आणि तो दाराबाहेर जाऊन उभा राहिला. बाजीराव घरी नव्हतेच. काल सकाळी आरशासमोर उभे राहिले, बराच वेळ नुसतेच उभे राहिले, मग इस्त्रीचे कपडे घालून पुण्याच्या गाडीत बसले. का चाललोय ते बायकोलाही सांगितलं नाही. मोबाईल कोनाड्यात ठेवून गेले.

पुण्यात वकील असतात. पुण्यात मोठे दवाखाने असतात. अठ्ठावन्न वर्षांचा रागावलेला माणूस कुणाला न सांगता पुण्याला जातो, तेव्हा तो तिथं काही चांगलं करायला जात नाही.

ओट्यावर त्यांच्या सासूबाई रंगुबाई बसल्या होत्या. वय सत्त्याऐंशी, एका डोळ्यानं अंधुक दिसायचं, दुसऱ्यानं फक्त हवं तेच. मुलाचा कोनाड्यातला मोबाईल त्यांच्या हातात होता आणि त्यावर तो पहिला, केसांचा फोटो. त्यांनी जावयाला जवळ बोलावलं आणि हा फोटो कुणी काढला म्हणून विचारलं.

"चूक झाली, आई," रविंद्रराव म्हणाले.

"चूक कसली. माझा बाजा आसाच हुता. लगीन झालं आन् केस गेलं."

आत साखरबाईंच्या हातून पातेलं जरा जोरात खाली ठेवलं गेलं.

मग म्हातारीनं झुंबरकडं बोट करून पिशवीत काय आहे ते विचारलं. रविंद्ररावांनी सगळी हकीकत सांगितली. रंगुबाईंनी ती ऐकून घेतली आणि क्षणभरात निकाल दिला.

"त्यो न्हाय तर त्याच्या आईला बांधा. मान घरात राहिला म्हंजी झालं."

झुंबरनं रविंद्ररावांकडं बघितलं, रविंद्ररावांनी आभाळाकडं बघितलं. शेवटी झुंबरनं पदरावरूनच फेटा बांधला. तुरा काढला, शेमला सोडला. रंगुबाई गुलाबी फेट्यात ताठ बसल्या आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून मान आला म्हणून सांगू लागल्या. साखरबाई बाहेर आल्या, सासूला बघितलं, आणि तोंडाला पदर लावून आत गेल्या. थोड्या वेळानं चहा आला.

"च्या माझा हाय," त्या कप ठेवत म्हणाल्या. "त्यांचं त्यांनाच इचारा. लग्नाला येतील का न्हाय, मला म्हाईत न्हाय."

पण ते विचारायला बाजीराव सापडलेच नाहीत. दोन दिवसांनी ते गावात आल्याचं कळलं, आणि रविंद्रराव निघेपर्यंत ते पुन्हा पुण्याला गेल्याचं कळलं.

लग्न इंदापुरात होतं. चारशे माणूस. स्टेजवर पांढऱ्या चादरीवर मूर्ती आणि तसबीर, मेणबत्त्या, फुलं. बौद्धाचार्य येऊन बसलेले, नवरदेव पांढऱ्या कपड्यात उभा. लासुर्ण्याची जीप आली, तिच्यातून साखरबाई उतरल्या, रंगुबाईंना उतरवलं. मामा नव्हते. परस्पर येतो म्हणालेत, एवढंच साखरबाईंनी सांगितलं आणि त्या दुसरीकडं बघू लागल्या. मेघनाबाई शब्दाला जागून पहिल्या रांगेत बसल्या होत्या, मांडीवर पर्स, नजर दाराकडं. खोलीत रश्मी नटून बसली होती आणि बापाशी बोलत नव्हती. बौद्धाचार्यांनी घड्याळाकडं दुसऱ्यांदा बघितलं. बुद्धघोष सर रविंद्ररावांच्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, की मामासाहेबांची काही अडचण असेल तर दुसऱ्या कुणी मुलीला आणायला हरकत नसावी. रविंद्ररावांनी पहिल्या रांगेकडं बघितलं. हरकत तिथं बसली होती.

झुंबर दाराशी फेटा अर्धा गुंडाळून तयार उभा होता. तोच पहिल्यांदा गप्प झाला. मग दारालगतची माणसं गप्प झाली, मग मधली, आणि ती शांतता स्टेजपर्यंत पोहोचली.

दारातून बाजीराव येत होते. पांढरा सदरा, पांढरी पँट, आणि डोक्यावर केस. काळेभोर, दाट. डावीकडं भांग, कपाळावर बट. रविंद्ररावांनी टाकलेला फोटो चालत यावा तसे ते चारशे माणसांमधून चालत आले. साखरबाईंच्या हातातली फुलांची परडी कलली आणि पाकळ्या सांडत राहिल्या. केसांचा त्यांनाही पत्ता नव्हता. झुंबरच्या हातातला फेटा उलगडत जमिनीवर आला.

बाजीराव सरळ रविंद्ररावांसमोर येऊन थांबले. रविंद्ररावांनी हात जोडले आणि झुंबरला खूण केली.

"फेटा नको, दाजी."

"बाजीराव, माझी चूक झाली. आता लेकीसाठी तरी..."

"ऐका तर. दोनदा पुण्याला गेलो, चार दिस घातलं, तवा हे बसलंय. दुसऱ्या खेपंला मोबाईल नेला, केस बसवणाऱ्या माणसाला तुमचाच फोटू दाखवला. म्हनलं, आसंच पायजेल. आता त्यावर फेटा घालून झाकू व्हय?"

बाजीरावांनी आवाज खाली आणला.

"फोटू बघून म्हातारी रडली वो. तीस-पस्तीस वर्सांनी माझ्याकडं नीट बघितलं तिनं."

एवढं बोलून त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक कोरा कंगवा काढला. मेव्हण्याच्या डोळ्यांत डोळे घालून, अजिबात घाई न करता, त्यांनी भांग सारखा केला. कंगवा परत खिशात ठेवला, त्यावर एकदा हात मारला, आणि भाचीला आणायला खोलीकडं गेले. मेघनाबाई उठल्या. पर्स साखरबाईंच्या हातात देऊन त्या स्टेजवर चढल्या आणि रडायला लागल्या, ते लेक जाते म्हणून की भावाचे केस बघून, हे शेवटपर्यंत कळलं नाही. वंदना झाली, हार पडले, फुलं पडली. लग्न लागलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर रविंद्रराव सुखी माणूस म्हणून बारामतीला परतले असते. पण जेवणं सुरू झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की लोक बाजीरावांच्या केसांचं कौतुक करताहेत, आणि मग वळून त्यांच्या केसांकडं बघताहेत. बघण्यात कौतुक नव्हतं. दोन बायका त्यांच्या मागून दोनदा गेल्या. बुद्धघोष सरांनी त्यांना बाजूला घेतलं.

"राग मानू नका व्याही, पण तुमचेही पुण्याचेच का?"

माझे स्वतःचे आहेत, जन्मापासूनचे आहेत, असं रविंद्ररावांनी सांगितलं. सरांनी मान डोलावली. नोकरीत असताना कुणी आजी वारल्याचा तिसरा अर्ज आणून दिला, की ते अशीच मान डोलवत असावेत. मोबाईलमध्ये केस बसवणारे तुम्हीच ना, एवढंच ते म्हणाले, आणि समजूतदारपणे पुढं गेले.

रविंद्रराव खुर्चीवर टेकले. शेजारी रंगुबाई होत्या. त्यांनी काही न विचारता हात लांब केला, जावयाच्या डोक्यावरचे केस मुठीत धरले आणि ओढून पाहिले. रविंद्ररावांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाजाचं चांगलं बसलंय," म्हातारी सुनेला म्हणाली. "ह्ये जरा सैल वाटतंय."

साखरबाईंच्या मनातला राग एव्हाना पूर्ण निवळला होता. त्या मायेनं पुढं झुकल्या.

"दाजी, तुमी बी त्याच मानसाकडं जावा. तुमचं लगीच कळून येतंय."

रविंद्रराव उठले आणि झुंबरला शोधायला गेले. मामांचा म्हणून ठेवलेला फेटा शिल्लक होता. तो त्यांनी भुवयांपर्यंत खाली बांधून घेतला आणि मुलगी सासरी जाईपर्यंत उतरवला नाही. शेवटी सगळ्यांचा एकत्र फोटो निघाला. कॅमेरावाला जेवायला बसला होता. हॉलच्या मॅनेजरनं रविंद्ररावांच्या मोबाईलवर काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारामतीच्या घरात त्यांनी तो फोटो मोठा करून पाहिला. मधे बाजीराव, उघड्या डोक्यानं, हसत. डाव्या बाजूला रविंद्रराव, फेट्यात. त्यांच्या बरोबर मागं प्लास्टिकच्या खुर्च्यांची चवड, आणि चवडीवर, म्हणजे दिसायला थेट त्यांच्या फेट्यावर, वीस लिटरचा निळा जार.

बोट आपोआप पुढं गेलं. मग रविंद्ररावांनी ते मागं घेतलं, दुसऱ्या हातानं धरून ठेवलं, आणि फोटो होता तसा ग्रुपवर टाकला. खाली चौतीस वर्षांच्या सवयीनं लिहिलं: 'फोटो जसा निघाला तसा. खाडाखोड नाही.' पुढं नाव, पुढं तारीख.

पहिलं उत्तर लासुर्ण्याहून आलं. बाजीराव आदल्या संध्याकाळीच ग्रुपवर परतले होते.

'फोटू झकास. जार तेवढा खोटा वाटतोय, दाजी.'